शोधाची वाट कोण अडवतो?



तळेघर हे गाव कापूसवाल्यांना ठाऊक असायचे काही कारण नाही. पुणे जिल्ह्यात मंचरहून भीमाशंकरला जाणारा रस्ता घोडेगाव, डिंभे असा डोंगर चढत जातो. त्या रस्त्यावर आंबेगाव तालुक्याच्या पार पश्चिमेला हे गाव आहे. मुलूख महादेव कोळ्यांचा. आपल्याकडे पाऊस दडी मारतो म्हणून माणूस रडतो, तिथे तो आठवडेच्या आठवडे उघडत नाही. शेती म्हणजे भाताची खाचरे आणि वरकस जमिनीवर नाचणी-वरई. कापूस नाही, ज्वारी नाही. तरी जिल्हा बैठकीसाठी निघणाऱ्या या अंकात तळेघरपासून सुरुवात करतो आहोत. तिथे हिरडा आहे, आणि हिरड्याचे जे झाले तेच आपल्या सरकीचे आणि ज्वारीचे झाले आहे.

हिरडा उन्हाळ्यात कोवळा असतानाच झाडावरून उतरवतात आणि उन्हात वाळवतात. तो बाळहिरडा. तो औषधाला जातो. पक्का हिरडा कातडी कमवायला आणि कापड रंगवायला जायचा, कारण त्यात टॅनिन भरपूर. इंग्रजी अमदानीत हा माल जहाजांनी विलायतेला जात असे. तिथल्या बाजारात त्याच्या प्रती ठरलेल्या होत्या आणि त्या प्रतींना नावे होती जबलपूर, भीमलीपट्टण, वेंगुर्ला. बंदरांची नावे, बाजाराच्या गावांची नावे. झाडावर चढणाऱ्याच्या गावाचे नाव कुठल्याच प्रतीला नव्हते.

आता यात शोध कुठे आला ते पाहा. कातडे कमावताना सालीतले नेमके काय काम करते, हे कुणाला ठाऊक नव्हते. इंग्लंडात ओकच्या सालीच्या खड्ड्यात कातडे महिनोन्‌महिने भिजत पडे. १८०३ साली हंफ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने रॉयल सोसायटीपुढे निबंध ठेवला. त्याने मुंबईहून आणि बंगालहून आलेला कात तपासला होता. आपल्या खैराचा कात. ओकच्या सालीपेक्षा कितीतरी कमी वजनात तेच काम भागते, हे त्याने मोजून दाखवले. शुद्ध विज्ञान ते हेच. आणि त्याच्या मागोमाग धंदाही आला. पूर्वेकडची झाडे, फळे, साली चांभाराच्या खड्ड्यापर्यंत गेल्या. मग १८५८ साली जर्मनीच्या क्नाप्पने क्रोमियमच्या क्षाराने कातडे कमावता येते हे दाखवले. त्यातून धंद्याला चालेल अशी रीत १८८४ साली अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झने पेटंट घेऊन बसवली. महिन्यांचे काम दिवसांवर आले. आज जगातले बहुतेक कातडे क्रोमवर कमावले जाते आणि हिरडा बाजूला पडला.

यात कुणी कुणाला फसवले, असे आम्ही म्हणत नाही. क्रोमची रीत वेगाची होती, ती जिंकली. आमचे म्हणणे वेगळेच आहे. या ८० वर्षांत दोनदा शोध लागला, दोनदा उद्योग बदलला, आणि दोन्ही वेळा सह्याद्रीतल्या माणसाला ते कळले फक्त एकाच वाटेने. व्यापाऱ्याने भाव बदलला, तेव्हा. शोधाची बातमी त्याच्यापर्यंत भावाच्या रूपानेच पोचली. आपल्यापर्यंतही ती अशीच पोचत आली आहे.

दर २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन साजरा होतो. भाषणे होतात की मूलभूत संशोधन झाले की तंत्रज्ञान येते, तंत्रज्ञान आले की उद्योग येतो, उद्योग आला की समृद्धी येते. जणू पाटाचे पाणी. वरून सोडले की खालच्या वावरापर्यंत आपोआप यायचेच. १९७९ साली दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेने ‘लॅब टू लँड’ नावाची योजनाच काढली होती. प्रयोगशाळेतून थेट शेतात! पाटाचे पाणी वापरणाऱ्याला हे सांगायला नको की वरच्या अंगाला कुणीतरी मोट्ठा फोड पाडून बसलेला असतो आणि चारीवर दार उघडणारा एक शिपाई असतो. शोधाच्या पाटावरही हे दोघे आहेत. त्यांची ओळख करून द्यायची म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्वारीची दोन नशिबे

ज्वारी घ्या. ज्वारीच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही असतात. संकर करायचा तर नराचा भाग काढून टाकावा लागतो. एका कणसात हजारो फुले. चिमटा घेऊन बसायचे म्हटले तर एका पोत्याच्या बियाण्याला गावचे गाव लागेल. म्हणून संकरित ज्वारी चांगली येते हे माहीत असूनही तिचे बियाणे विकणे कुणाला शक्य नव्हते. १९५४ साली टेक्सासमधल्या स्टीफन्स आणि हॉलंड या दोन संशोधकांनी कोडे सोडवले. ‘मिलो’ जातीची ज्वारी आई धरून तिच्यावर ‘काफिर’ जातीचे पराग पिढ्यान्‌पिढ्या घेत गेले, तर अशी ज्वारी मिळते जिच्या फुलात पराग फुलतच नाहीत. नर आपोआप वांझ. मग वांझ ज्वारीच्या ओळी पेरा, शेजारी दुसऱ्या जातीच्या ओळी पेरा आणि वाऱ्यावर सोडून द्या. वांझ ओळीवर जे दाणे भरतील ते सगळे संकरित बियाणे. चिमटा नाही, मजूर नाही. पाच-सहा वर्षांत अमेरिकेतली बहुतेक दाण्याची ज्वारी संकरित झाली.

हा ‘मिलो’ आपल्याकडच्या जुन्या माणसांना वेगळ्याच कारणाने आठवतो. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर जी लाल अमेरिकन ज्वारी आली, ती मिलो. तिच्या भाकरीची चव सांगणारे म्हातारे अजून भेटतात. ती सांगताना तोंड वाकडे करतात. पण तिच्याच कुळाच्या जोरावर आपल्या वावरात ‘हायब्रीड’ उभी राहिली, हे त्या वेळी कुणी सांगितले नाही.

आपल्या देशात सीएसएच-१ हे पहिले संकरित ज्वारीचे वाण १९६४ साली आले. दोन्ही आईबाप परदेशी ओळींचे, बुटके, लवकर येणारे. पुढे सीएसएच-५ आले, सीएसएच-९ आले. डॉ. नी. गं. प्र. राव यांच्यासारख्या सरकारी संशोधकांनी हे काम केले आणि आईबापांच्या ओळी बियाणे महामंडळांना आणि खाजगी कंपन्यांना खुल्या दिल्या. राष्ट्रीय बीज निगम १९६३ चे, जालन्याची महिको बद्रीनारायण बारवाले यांनी काढली ती १९६४ ची, अकोल्याचे महाबीज १९७६ चे. जालना बियाण्याची पेठ झाली ती या काळात. म्हणजे शोध सरकारी पैशाचा, मधला धंदा खाजगी आणि निमसरकारी, आणि फायदा शेतकऱ्यालाही. खरिपाचे उतारे वाढले हे नाकारणारा माणूस खोटे बोलतो. दाणा पावसात सापडून काळा पडायचा, बाजारात त्याला पाडून मागायचे, कडबा आखूड यायचा, हे सगळे खरे. पण पोटाला दाणे झाले.

मग तक्रार कसली? तक्रार अशी की ज्वारी एक नाही, दोन आहेत. खरिपाची आणि रब्बीची. सोलापूर, नगर, मराठवाडा आणि पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग, म्हणजे शिरूर, दौंड, इंदापूरचा कोरडा पट्टा, हा खातो रब्बीची ज्वारी. आणि रब्बीत आजही ज्याचे नाव घेतले जाते ते वाण मालदांडी. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रावर १९३० च्या दशकात निवडलेले. आजोबाने पेरलेले वाण नातू पेरतो आहे. रब्बीसाठीही संकरित वाणे निघाली, पण ती पसरली नाहीत. जमिनीत साठलेल्या ओलीवर, एकही पाऊस न पडता, थंडीत उभे राहायचे. खोडमाशी सोसायची, खडखड्याने कणीस भरताना लोळायचे नाही. वर भाकरीला पांढरा टपोरा दाणा हवा आणि जनावराला उंच गोड कडबा हवा. हे गणित अवघड आहे, हे मान्य. पण अवघड गणित सोडवायला जितकी माणसे आणि पैसा खरिपाच्या हायब्रीडमागे लागला, तितका रब्बीमागे लागलेला नाही.

कारण उघड आहे. हायब्रीडचे बियाणे पुढच्या वर्षी धरता येत नाही. धरले तर उंच-बुटके, आगाप-मागास सगळे खिचडी होऊन उगवते. म्हणून शेतकरी दरवर्षी पिशवीसाठी दुकानात येतो. मालदांडीचे बियाणे घरच्या कणगीत असते. तो दुकानात येत नाही. ज्या शोधातून दर हंगामाला वसुली करता येते, त्या शोधाचा कारखाना होतो. ज्यातून येत नाही, तो कितीही मोलाचा असो, कपाटात राहतो. पाटाच्या वरच्या अंगाला फोड पाडून बसलेला गडी तो हाच. त्याला शिव्या देऊन उपयोग नाही. धंदा करणारा धंद्याचेच पाणी घेणार. पण मग उरलेले पाणी खाली आणायचे काम ज्यांना पगार देऊन सोपवले आहे, ते कुठे आहेत?

जाता जाता एक गोष्ट. ज्वारीचे क्षेत्र घटते आहे याची कारणे शोधायला समित्या बसतात. कुठल्याही बाईला विचारा. ज्वारी काढायला माणूस मिळत नाही. उंच धाटे उपटून, पेंढ्या बांधून, कडबा न मोडता उभा ठेवायचा, हे काम आजही मोठ्या भागात हाताने चालते. गव्हाचे मळणी-कापणी यंत्र आणले तर ते कडब्याचा भुगा करते. कडबा गेला की ज्वारीचा अर्धा पैसा गेला. ऊस तोडायची अवाढव्य यंत्रे साखर कारखान्यांच्या गरजेपोटी आली. ज्वारीच्या मागे कारखाना नाही.

मातीतला जिवाणू आणि सरकीचे पाकीट

आता कापसाकडे येऊ. इथे तर शोधापासून धंद्यापर्यंतची सगळी वाट आपल्या अंगावरून गेली आहे.

१९०१ साली जपानमध्ये इशिवाता नावाच्या शास्त्रज्ञाला रेशीमकिडे मारणारा एक जिवाणू सापडला. तिथे तो शत्रू होता. रेशीमवाल्यांचे नुकसान करणारा. १९११ साली जर्मनीत बर्लिनर याला पिठातल्या अळीत तोच जिवाणू भेटला आणि थुरिंजिया या प्रांतावरून त्याचे नाव पडले. त्या लांबलचक लॅटिन नावाची आद्याक्षरे म्हणजे आपले ‘बीटी’. जिवाणू अळीच्या पोटात गेला की त्यातले प्रथिन आतड्याला भोके पाडते. माणसाच्या पोटात ते काम करत नाही, कारण तसे आतडे आपल्याला नाही. या जिवाणूची भुकटी फवारण्याची रीत युरोपात दुसऱ्या महायुद्धाआधीच सुरू झाली. पण भुकटी उन्हाने मरते, पावसाने धुऊन जाते, आणि बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत पोचत नाही.

१९८१ साली अमेरिकेत सिॲटलच्या विद्यापीठात श्नेफ आणि व्हाइटली यांनी ते प्रथिन बनवणारे जनुक वेगळे काढले. विद्यापीठ सरकारी, म्हणजे पैसा जनतेचा. १९८७ साली बेल्जियममधल्या घेंट शहरातल्या एका छोट्या कंपनीने ते तंबाखूच्या झाडात घालून अळी मरते हे दाखवले. पण जिवाणूचे जनुक झाडात जेमतेम चालत होते. जिवाणूच्या बोलीत लिहिलेला हुकूम झाडाला नीट वाचता येईना. तो झाडाच्या बोलीत पुन्हा लिहायचे काम मोन्सॅन्टो कंपनीच्या शास्त्रज्ञांनी केले आणि १९९६ साली बोलगार्ड कापूस अमेरिकेच्या बाजारात आला. या कामाचे श्रेय कंपनीला द्यायलाच हवे. पहिला शोध आणि विकण्याजोगी वस्तू यांच्यात ९५ वर्षे गेली. त्यातली ८० जनतेच्या आणि विद्यापीठांच्या पैशावर गेली, शेवटची १५ कंपन्यांच्या. पाकिटावर नाव मात्र शेवटच्याचे.

आपल्याकडे महिकोने मोन्सॅन्टोशी भागी केली आणि चाचण्या सुरू झाल्या. परवानगी देणारी केंद्राची समिती वर्षामागून वर्ष आणखी चाचण्या मागत राहिली. इकडे अमेरिकन बोंडअळी कुठल्याच औषधाला दाद देत नव्हती. शेतकरी फवारून फवारून कर्जात बुडत होता. २००१ च्या खरिपात गुजरातेत बोंडअळीने कहर केला. सगळी पऱ्हाटी उजाड आणि मधेच काही शेते हिरवीगार. तपास केला तेव्हा कळले की अहमदाबादच्या नवभारत सीड्सचे ‘नवभारत १५१’ हे विनापरवाना बीटी वाण हजारो एकरांवर उभे आहे. सरकारने हुकूम काढला की पीक उपटा आणि जाळा. अळीने खाल्लेले शेत कुणी जाळत नव्हते, वाचलेले जाळायचे! शेतकरी आडवे झाले. २६ मार्च २००२ रोजी त्याच समितीने महिकोच्या तीन बीटी वाणांना परवानगी दिली. वर्षानुवर्षे ज्या शंका फिटत नव्हत्या, त्या पाच महिन्यांत कशा फिटल्या, हे समितीलाच ठाऊक. चारीवर दार उघडणारा शिपाई म्हणतात तो हा. शेतकरी स्वतः फावडे घेऊन गेला की त्याची झोप उघडते.

परवानगी आली ती ४५० ग्रॅमचे पाकीट १६०० रुपयांना घेऊन. त्यातला मोठा हिस्सा नुसत्या जनुकाचा मोबदला होता. आंध्र सरकार भांडले तेव्हा २००६ साली भाव निम्म्याखाली आला. त्याच वर्षी दोन जनुकांचे बोलगार्ड-२ आले. या तंत्रज्ञानाने नुकसान केले असे जे शहरी मित्र म्हणतात, त्यांनी आकडे पाहावेत. २००२-०३ ला देशाचा रुईचा उतारा हेक्टरी सुमारे ३०० किलो होता, २००७-०८ पर्यंत तो ५५० च्या आसपास गेला. सगळा बीटीमुळे नव्हे. पाऊस चांगला झाला, नवी वाणे आली, पाणीही वाढले. पण अमेरिकन बोंडअळीची फवारणी घटली हे ज्याने पंप पाठीवर घेतला आहे त्याला कुणी शिकवायला नको.

मग उतारा थांबला. आणि शेंदरी बोंडअळी आली.

इथे जरा नीट लक्ष द्या. अमेरिकेत आणि चीनमध्ये बीटी जनुक बहुतांशी सरळ वाणात घातले. आपल्याकडे जवळजवळ सगळे संकरित वाणात. संकरित कापूस हा आपल्याच देशाचा शोध. १९७० साली सुरतच्या केंद्रावर चंद्रकांत पटेल यांनी एच-४ काढले, ते जगातले पहिले धंद्यावर चाललेले संकरित कापसाचे वाण. कापसात ज्वारीसारखी वांझ नराची सोय तेव्हा नव्हती, म्हणून एकेका फुलाचे पुंकेसर बाया-पोरींनी नखाने काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पराग लावायचा. अमेरिकेला हे मजुरीत परवडले नसते. आपल्याकडे मुलींचे हात स्वस्त होते, म्हणून तो उद्योग झाला. अकोल्याचे पीकेव्ही हायब्रीड-२, नांदेडचे एनएचएच-४४ त्याच रीतीने आले आणि कोरडवाहूत चालले, हेही सांगितले पाहिजे.

पण बीटी संकरितात घातल्याचे दोन परिणाम झाले. एक तर पीक लांबले. १६० ते १८० दिवस, कधी त्याहून अधिक. शेंदरी अळी हंगामाच्या उत्तरार्धात वाढते. तिला उशिरापर्यंत बोंडे मिळाली. दुसरे थोडे बारीक आहे. संकरित झाडाच्या बोंडातल्या सगळ्या सरक्यांत बीटी सारखे उतरत नाही. काही सरक्यांत असते, काहींत नसते. शेंदरी अळी नेमकी सरकी खाते. म्हणजे मरण्यापुरते विष मिळण्याऐवजी कधी मिळते, कधी नाही, आणि अळी सरावते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनीच हे मांडले आहे. २०१० पर्यंत एक जनुकाचे बीटी गुजरातेत शेंदरी अळीपुढे हरल्याचे कंपनीनेच जाहीर केले. पुढे बोलगार्ड-२ ही हरले. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात बोंडे पोखरली गेली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले.

यावर साहेब लोक काय म्हणाले? शेतकरी फरदड घेतो म्हणून अळी वाढते! आणि पाकिटासोबतची बिगर-बीटी सरकी बांधावर लावत नाही म्हणून! सहा महिन्यांचे वाण तुम्ही मंजूर करायचे, १०० दिवसांत मोकळे होणारे वाण दुकानात ठेवायचे नाही, जानेवारीत ओल शिल्लक असली तर शेतकऱ्याने उभे पीक उपटावे असा उपदेश करायचा, आणि तोही कापसाचा भाव पाडून झाल्यावर. ज्याच्याकडे शेकडो एकर आहेत तो अमेरिकन दहा-वीस एकर अळीला सोडू शकतो. तीन एकरवाल्याला अळीसाठी खंड द्यायला कोण सांगतो?

सरकारी सरळ वाणाचे काय झाले?

एक जनुकाच्या बीटीवर कंपनीचे भारतात पेटंट नव्हते. ही गोष्ट फार थोड्या शेतकऱ्यांना सांगितली गेली. म्हणजे सरकारी संस्थांना ते सरळ वाणात घालून, घरी बियाणे धरता येईल असा कापूस देण्याची वाट मोकळी होती. २००२ सालीच हे व्हायला हवे होते. नागपूरच्या संस्थेने आणि धारवाडच्या विद्यापीठाने ‘बिकानेरी नरमा बीटी’ काढले ते २००८-०९ ला. एक हंगाम विकले आणि मागे घेतले, कारण त्यात आपल्या स्वतःच्या जनुकाऐवजी मोन्सॅन्टोच्या बीटीचा अंश निघाला. चौकशी समितीचा अहवाल २०१२ ला आला. शेतकऱ्याला स्वस्त सरळ बीटी देण्याचा सरकारी संशोधनाचा एकमेव मोठा प्रयत्न अशा रीतीने भेसळीत संपला. ज्या वाणाने कंपन्यांच्या पाकिटाला टक्कर द्यायची, त्याची साधी शुद्धता तपासली गेली नव्हती. त्यानंतर काही सरळ बीटी वाणे निघाली, सूरज बीटी, रजत बीटी अशी. ती शेंदरी अळीला मारणार नाहीत, पण लवकर मोकळी होऊन तिच्या तावडीतून सुटू शकतात. दाट पेरणीला चालतात. कोरडवाहूला हवे ते हेच.

तोवर शिपायाने दार पुन्हा लावले. फेब्रुवारी २०१० मध्ये बीटी वांग्याला दिल्लीत स्थगिती मिळाली. तेच वांगे शेजारच्या बांगलादेशातले शेतकरी २०१४ पासून लावत आहेत. तणनाशक सोसणारा कापूस अमेरिकेत १९९० च्या दशकापासून आहे. त्यातले जनुक कुठून मिळाले माहीत आहे? त्या तणनाशकाच्याच कारखान्याच्या सांडपाण्यात जगलेल्या एका जिवाणूतून. आपल्याकडे २०१६ साली कंपनीने आपला अर्ज मागे घेतला. बियाणे मात्र आले. ‘चोर बीटी’ म्हणून पावतीशिवाय, हमीशिवाय, रात्रीच्या गाडीने. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी ते जाहीरपणे पेरले, कैदेची भीती असताना. निंदणाला बाई मिळत नाही आणि मिळाली तर मजुरी परवडत नाही, हे दिल्लीला कळवायचा दुसरा मार्ग उरला नव्हता. बंदीने बियाणे थांबले नाही. बंदीने फक्त एवढे केले की उगवले नाही तर शेतकऱ्याला दाद मागायची सोय राहिली नाही.

आता कुणी म्हणेल, आपल्या देशाला मोठे शोध जमतच नाहीत. त्याने तळेघरहून डोंगर उतरून पूर्वेला जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळच्या खोडदला जावे. तिथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० ताटल्या, काही मध्यावर, काही तीन दिशांना २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. एवढी पोलादी ताटली करायची तर पैसा पुरला नसता. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या माणसांनी पत्र्याऐवजी बारीक तारेची जाळी घेतली आणि ती दोरांच्या ताणावर बसवली. वारा जाळीतून निघून जातो, म्हणून खालचा सांगाडा हलका, म्हणून खर्च थोडका. २००१ साली ती जगभरच्या शास्त्रज्ञांना अर्पण झाली. परदेशातले शास्त्रज्ञ तिथे वेळ मागून घेतात. गरिबीतून काढलेली अशी युक्ती आपल्या बाईने फाटक्या लुगड्याच्या गोधडीत काढावी, तशी आहे.

त्या दुर्बिणीला गिऱ्हाईक नव्हते. कुठलीही कंपनी आकाशातल्या लहरींसाठी पैसे देणार नव्हती. तरी सरकारने पैसा दिला, एका माणसाला एक काम दिले आणि दशकभर त्याच्या मागे उभे राहिले. आम्हाला त्याचा हेवा नाही, अभिमान आहे. रब्बीच्या ज्वारीलाही गिऱ्हाईक कंपनी नाही. १०० दिवसांच्या सरळ कापसालाही नाही. हिरड्याच्या टॅनिनलाही नाही. राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी चार कृषी विद्यापीठे १९६८ ते १९७२ या काळात उभी राहिली, ती नेमकी यासाठीच. त्यांतल्या कष्टाळू माणसांना आम्ही ओळखतो. त्यांच्या हातात पैसा, माणसे आणि दहा वर्षांचा निवांतपणा किती आहे, हेही ओळखतो.

तेव्हा जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने तीन गोष्टी करून याव्यात. आपल्या तालुक्याच्या कृषी केंद्रात जाऊन सरळ बीटी कापसाचे बियाणे मागावे, आणि दुकानदार काय म्हणतो ते शब्दाला शब्द लिहून आणावे. जवळच्या संशोधन केंद्रावर जाऊन विचारावे की रब्बी ज्वारीवर किती शास्त्रज्ञ नेमलेले आहेत आणि त्यांतल्या किती खुर्च्या रिकाम्या आहेत. आणि ज्यांनी गेल्या हंगामात चोर बीटी पेरले, त्यांनी न घाबरता, नाव न लिहिता, एकरी खर्च आणि उतारा चिठ्ठीवर लिहून आणावा. निंदणाचे किती वाचले, फसवणूक किती झाली, दोन्ही लिहावे. चिठ्ठ्या बैठकीत वाचून दाखवू आणि कागदपत्रासह कृषी आयुक्तांकडे पुण्याला देऊ. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेकडून येणाऱ्या भावांनी हिरड्याचा गेल्या तीन वर्षांचा हातात पडलेला भाव आणावा.